कुपीत जीवाणू नसतो

इन्सुलिनच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. अक्षरं इतकी बारीक की बहुतेक जण तो न उघडताच टाकून देतात. पण कुणी नेटाने वाचला, तर अनेक कंपन्यांच्या कागदावर एक ओळ सापडते: हे इन्सुलिन ई. कोलाय या जीवाणूमध्ये, डीएनएची नवी जुळणी करून तयार केलेलं आहे. ई. कोलाय हे नाव आपण ऐकलेलं असतं ते दूषित पाणी आणि जुलाबांच्या बातम्यांमध्ये. त्यामुळे पोटात गोळा येतो. रोज सुईने टोचून घेतोय ते जंतूंपासून आलंय? मग जंतूही अंगात जातात का? आणि त्या जंतूंची जनुकं बदललेली असतील, तर आपली जनुकंही बदलतात का?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ‘तुम्हाला नाही कळायचं ते’ असं म्हणून ते उडवून लावले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कळण्यासारखंच आहे सगळं. फक्त सुरुवातीलाच एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. जीवाणू आणि जनुकीय बदल हे दोन शब्द एकत्र आले की त्यांचा अर्थ तीनपैकी काहीही असू शकतो. कधी जीवाणू कारखान्याच्या टाकीत राबतो आणि आपल्यापर्यंत फक्त त्याने केलेला पदार्थ येतो. कधी जीवाणूचं एखादं जनुक पिकात बसवलेलं असतं आणि आपण ते पीक खातो. आणि कधी जनुक बदललेला जिवंत जीवाणूच औषध म्हणून गिळायचा असतो. या तिन्हींचे धोके वेगवेगळे आहेत, तपासण्याही वेगवेगळ्या आहेत. त्यांना एकाच तागडीत तोललं की एकीची भीती दुसरीला चिकटते, आणि एकीची सुरक्षितता दुसरीच्या नावावर जमा होते. माझ्या मते दुसरी चूकही पहिलीइतकीच वाईट.

लिपी एकच

जीवाणू म्हणजे एका पेशीचा जीव. ई. कोलायच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख अक्षरं आणि साधारण ४,३०० जनुकं असतात. माणसाच्या डीएनएमध्ये तीनशे कोटींच्या आसपास अक्षरं. आकारात जमीन-अस्मानाचा फरक, पण लिपी एकच. चार रासायनिक अक्षरं, तीन अक्षरांचा एक शब्द, आणि जवळपास प्रत्येक शब्दाचा अर्थ एक ठरावीक अमिनो आम्ल. शब्दांमागून शब्द वाचत पेशी अमिनो आम्लांची माळ ओवते. त्या माळेची घडी बसली की झालं प्रथिन. अशा एखाद्या प्रथिनाची कृती लिहिलेला डीएनएचा तुकडा म्हणजे जनुक. मोजके अपवाद सोडले तर या शब्दांचे अर्थ माणसात, बेडकात, गव्हात आणि जीवाणूत सारखेच आहेत. म्हणूनच माणसाच्या एखाद्या प्रथिनाची कृती जीवाणूच्या हाती दिली तर तो ती वाचतो आणि मुकाट्याने प्रथिन घडवतो.

कृती जीवाणूच्या हाती द्यायची कशी? इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिच्याविना पुढचं सगळं अंधारात राहतं. जनुकांची देवाणघेवाण माणसाने शोधून काढलेली नाही. जीवाणू ती कोट्यवधी वर्षं करत आले आहेत. १९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाचे दोन प्रकारचे जीवाणू घेतले, एक घातक आणि एक निरुपद्रवी. घातक जीवाणू उष्णतेने मारून निरुपद्रवी जिवंत जीवाणूंबरोबर उंदरांना टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात घातक प्रकारचे जिवंत जीवाणू सापडले. मेलेल्यांकडून काहीतरी जिवंतांनी उचललं होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे डीएनए, हे १९४४ मध्ये ऑस्वाल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. जनुक कशाचं बनलेलं असतं, याचा पहिला भक्कम पुरावा असा जीवाणूंकडून मिळाला.

पुढे कळलं की अनेक जीवाणूंमध्ये मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी छोटी कडी असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. एक जीवाणू दुसऱ्याला चिकटतो आणि या कड्याची नक्कल त्याला देतो. वर्गात एकाने दुसऱ्याच्या हातात चिठ्ठी सरकवावी, तसं.

कातरही जीवाणूंचीच. जीवाणूंनाही विषाणूंची लागण होते. विषाणू आपला डीएनए जीवाणूत सोडतो आणि जीवाणू विकराने, म्हणजे एन्झाइमने, त्याचे तुकडे करतो. हे विकर वाटेल तिथे कापत नाहीत, ठरावीक अक्षरक्रम दिसला तरच कापतात. ई. कोलायपासून मिळालेलं एक प्रसिद्ध विकर जी-ए-ए-टी-टी-सी हा क्रम शोधतं. स्वतःच्या डीएनएवर जीवाणूने आधीच रासायनिक खूण करून ठेवलेली असते, त्यामुळे तो कापला जात नाही. या विकराचा काप सरळ नसून पायरीसारखा पडतो. त्यामुळे दोन्ही टोकांना चार-चार अक्षरांची शेपटी राहते, आणि त्याच विकराने कापलेला दुसरा कुठलाही तुकडा त्या शेपटीला नेमका जुळतो. या शोधासाठी वेर्नर आर्बर, हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

कडं आहे, कातर आहे, जोड पक्का करणारं विकरही आहे. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी हे सगळं एकत्र आणलं. त्यांनी प्लाझ्मिड कापलं, त्यात दुसरीकडचं जनुक जोडलं आणि ते ई. कोलायला दिलं. जीवाणू वाढला, तशा त्या जनुकाच्याही नकला वाढल्या. पुढच्याच वर्षी बेडकाचा डीएनए जीवाणूत नांदू लागला.

यानंतर जे घडलं ते फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. १९७४ मध्ये पॉल बर्ग आणि आणखी काही शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की या प्रकारचे काही प्रयोग सध्या सगळ्यांनी थांबवावेत. १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथे सुमारे दीडशे लोक जमले. बहुतेक जीवशास्त्रज्ञ, सोबत काही वकील आणि पत्रकार. प्रश्न साधा होता: हा जीवाणू प्रयोगशाळेतून निसटला तर? बरीच खडाजंगी झाली. ठरलं ते असं की प्रयोग जितका धोक्याचा तितका बंदोबस्त कडक, आणि जीवाणूची अशी जात वापरायची जी बाहेरच्या जगात तगच धरू शकणार नाही. प्रयोगशाळांमध्ये वापरली जाणारी ई. कोलायची के-१२ ही जात १९२२ मध्ये एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळी काढलेली. पिढ्यान्‌पिढ्या काचेच्या भांड्यात वाढून ती इतकी लाडावली आहे की माणसाच्या आतड्यात तिला घर करता येत नाही. ज्यांचं काम थांबणार होतं त्यांनीच ते थांबवायला सांगितलं, याचं मोल मला फार वाटतं.

टाकीतला कामगार

आता इन्सुलिन. १९२२ मध्ये टोरोंटोत पहिल्यांदा माणसाला ते टोचलं गेलं. तेव्हापासून साठ वर्षं इन्सुलिन यायचं ते कत्तलखान्यातल्या डुकरांच्या आणि गायींच्या स्वादुपिंडांतून. त्याने लाखो जीव वाचवले. डुकराच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये एका अमिनो आम्लाचा फरक आहे, गायीच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये तिनाचा. एवढ्याशा फरकानेही काहींच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिक्रिया उठायची. शिवाय पुरवठा जनावरांच्या संख्येवर अवलंबून.

माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात आणि त्यांच्या दोन साखळ्या असतात, एक २१ ची आणि एक ३० ची. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी या दोन साखळ्यांची जनुकं चक्क रसायनांपासून अक्षर-अक्षर जोडून तयार केली. कुणा माणसाच्या पेशीतून ती काढलेली नव्हती. अडचण अशी की इतकी छोटी परकी साखळी दिसली की जीवाणू तिला कचरा समजून खाऊन टाकतो. मग त्यांनी ती जीवाणूच्याच एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटाला जोडली आणि सांध्यावर मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल ठेवलं. मेथिओनिनपाशी साखळी तोडणारं एक रसायन आहे. इन्सुलिनमध्ये मेथिओनिन मुळीच नसतं, त्यामुळे सांधा तुटतो आणि इन्सुलिनला धक्का लागत नाही. हा तपशील मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मन भरून येतं. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने या इन्सुलिनला परवानगी दिली. जनुकीय तंत्राने केलेलं, माणसांसाठी मंजूर झालेलं ते पहिलं औषध.

आज कारखान्यात काय होतं? जीवाणू गोठवून ठेवलेल्या एका कुपीतून सुरुवात होते. चांगलं अन्न आणि ऊब मिळाली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. हा वेग टिकला तर एकाचे दहा तासांत शंभर कोटींहून जास्त होतात. मोठ्या पोलादी टाकीत त्यांची वाढ झाली की पेशी फोडतात, प्रथिन वेगळं काढतात, त्याची घडी नीट बसवतात आणि मग एकामागून एक गाळण्यांतून शुद्ध करत नेतात. जीवाणूच्या कवचाचे बारीक अंशही ताप आणू शकतात, म्हणून त्यांचीही चाचणी होते. शेवटी कुपीत जे भरतात त्यात जीवाणू नसतो. आणि इन्सुलिन हे प्रथिन आहे. त्याला जनुक बदलता येत नाही, तुमच्या शरीरातलं इन्सुलिन बदलू शकत नाही तसंच. काही कंपन्या जीवाणूऐवजी यीस्टकडून हे काम करून घेतात. तत्त्व तेच.

कृती आपल्या हातात आली की तिच्यात फेरफारही करता येतो. १९९६ मध्ये आलेल्या एका इन्सुलिनमध्ये साखळीच्या टोकाजवळच्या दोन अमिनो आम्लांची फक्त अदलाबदल केली आहे. त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि जेवणाच्या वेळी टोचलं की ते लवकर कामाला लागतं. जनावरांच्या ग्रंथीतून हे कधीच मिळालं नसतं.

वाढीच्या संप्रेरकाची गोष्ट जास्त वेदनेची आहे. ज्या मुलांच्या शरीरात हे संप्रेरक तयार होत नाही त्यांची उंची खुंटते. जनावरांचं संप्रेरक माणसाला चालत नाही, म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ते मृत माणसांच्या मेंदूतल्या ग्रंथीतून काढलं जायचं. एका मुलाच्या उपचारांसाठी अनेक मृतदेहांतल्या ग्रंथी लागायच्या. १९८५ मध्ये अमेरिकेत लक्षात आलं की लहानपणी हे औषध घेतलेले काही तरुण क्रॉइट्झफेल्ड-याकोब या मेंदूच्या असाध्य आजाराने मरत आहेत. एखाद्या मृतदेहात तो आजार दडलेला होता आणि ग्रंथींच्या अर्कातून तो मुलांपर्यंत पोचला होता. हा आजार बाहेर पडायला कधी कधी दशकं लागतात, त्यामुळे मृत्यू पुढेही होत राहिले. एकट्या फ्रान्समध्ये शंभराहून अधिक. १९८५ मध्येच ई. कोलायमध्ये तयार केलेल्या संप्रेरकाला परवानगी मिळाली. ‘नैसर्गिक’ हा शब्द सुरक्षिततेची हमी म्हणून कुणी वापरला की मला ती मुलं आठवतात.

अन्नातही असे कामगार आहेत. चीज करताना दूध घट्ट व्हावं म्हणून कायमोसिन हे विकर लागतं. पूर्वी ते दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढायचे. चीजची मागणी वाढली आणि वासरांची जठरं पुरेनात. मग वासराच्या कायमोसिनचं जनुक ई. कोलायमध्ये बसवलं गेलं आणि १९९० मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली. जनुकीय तंत्राने केलेला, अन्नासाठी तिथे मंजूर झालेला तो पहिला घटक. आता हे काम मुख्यतः बुरशी आणि यीस्ट करतात, आणि अमेरिकेतलं बहुतांश चीज याच विकराने होतं. ब-२ जीवनसत्त्व जास्त तयार करावं म्हणून जनुकं बदललेले जीवाणूही आहेत.

मग इथे धोका काहीच नाही का? आहे, आणि तो बहुतेक वेळा शुद्धीकरणाशी येऊन ठेपतो. १९८९ मध्ये अमेरिकेत स्नायूंच्या असह्य वेदना आणि रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ असा आजार पसरला. दीड हजारांहून अधिक लोकांना तो झाला, तीसहून अधिक दगावले. माग काढत गेल्यावर तो एल-ट्रिप्टोफॅन या पूरक गोळ्यांशी आणि त्यातही एका उत्पादकाच्या मालाशी जुळला. त्या उत्पादकाने जीवाणूची जनुकीय बदल केलेली नवी जात वापरायला घेतली होती, आणि जवळपास त्याच सुमारास शुद्धीकरणातली कोळशाची पूड कमी केली होती. मालात अशुद्ध घटक सापडले. दोन बदल एकाच वेळी झाल्यामुळे दोष नेमका कोणाच्या पदरात टाकायचा यावर पुढे बराच वाद झाला. जनुकीय तंत्राचे विरोधक पहिल्या बदलाकडे बोट दाखवतात, समर्थक दुसऱ्याकडे. मला त्यातून एवढंच दिसतं की जीवाणू बदलला की त्याच्या पोटातली रसायनंही थोडी बदलू शकतात, म्हणून प्रत्येक वेळी माल नव्याने तपासला पाहिजे. ‘पूर्वीचाच पदार्थ आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

पिकातलं जनुक

दुसरी वाट पिकाची. १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता रेशीमकिड्यांच्या एका रोगाचा शोध घेत होते, तेव्हा त्यांना एक जीवाणू सापडला. दहा वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या अळ्यांमध्ये भेटला. थुरिंगिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, म्हणजेच बीटी. हा जीवाणू एका प्रथिनाचे स्फटिक बनवतो. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं. तिथे स्फटिक विरघळतो, ते प्रथिन आतड्यातल्या ठरावीक जागी जाऊन चिकटतं आणि भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. माणसाचं जठर आम्लधर्मी, आणि त्या प्रथिनाला चिकटायला लागणारी जागा आपल्या आतड्यात नाही. म्हणूनच या जीवाणूची फवारणी १९३० च्या दशकापासून होत आली आहे आणि सेंद्रिय शेतीतही चालते. १९९० च्या दशकात त्याचं जनुक थेट पिकात बसवलं गेलं, आणि पीक स्वतःच ते प्रथिन तयार करू लागलं.

पिकात जनुक नेऊन ठेवणारा हमालही बहुधा जीवाणूच असतो. अॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जीवाणू झाडाच्या जखमेतून शिरतो आणि आपल्या प्लाझ्मिडचा एक तुकडा झाडाच्या डीएनएत रोवतो. त्या तुकड्यामुळे झाडाला गाठ येते आणि झाड त्या जीवाणूसाठी अन्न तयार करायला लागतं. निसर्गातला हा मुरलेला जनुक-अभियंता. शास्त्रज्ञांनी गाठ आणणारी जनुकं काढून त्या जागी हवं ते जनुक ठेवलं आणि १९८३ मध्ये अशी पहिली झाडं तयार झाली. नंतर, २०१५ मध्ये, एक सुंदर शोध प्रसिद्ध झाला. लागवडीच्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले, आणि प्रत्येकात अॅग्रोबॅक्टेरियमचा डीएनए सापडला. हजारो वर्षांपूर्वी कधीतरी तो आपसूक शिरला होता आणि आपण ती रताळी खात आलो.

रताळ्याचा दाखला देऊन सगळं निर्धोक ठरवणारे लोक आहेत. मी त्यातला नाही. रताळ्याने इतकंच दाखवलं की जीवाणूचं जनुक अन्नात असणं हीच काही भयंकर गोष्ट नव्हे. कुठलं जनुक, ते कोणतं प्रथिन बनवतं, हे विचारावंच लागतं. २००० साली अमेरिकेत मक्याच्या तयार पदार्थांत एक बीटी प्रथिन सापडलं, ज्याला फक्त पशुखाद्यासाठी परवानगी होती. ते पोटात लवकर पचत नव्हतं, त्यामुळे त्याची अॅलर्जी येऊ शकेल अशी शंका होती. तक्रार करणाऱ्यांच्या रक्ताच्या तपासणीत त्या प्रथिनाविरुद्धची अॅलर्जी दिसली नाही. पण जे माणसाच्या ताटात यायला नको होतं ते आलं, आणि माल मोठ्या प्रमाणावर परत घ्यावा लागला. शेत, गोदाम, गिरणी या वाटेवर धान्य वेगळं ठेवणं किती कठीण असतं, ते तेव्हा कळलं.

तणनाशकाला दाद न देणाऱ्या पिकांचं जनुकही जीवाणूचंच. ग्लायफोसेट हे तणनाशक बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात जगून राहिलेल्या एका जीवाणूत ते मिळालं. या पिकांमुळे तेच तणनाशक वर्षानुवर्षं फवारलं गेलं आणि ज्यावर त्याचा काही परिणाम होत नाही अशी तणं माजली. बीटीच्या बाबतीतही काही अळ्या त्या प्रथिनाला सरावल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१६ च्या अहवालाने शेकडो अभ्यास पाहून म्हटलं की या पिकांचं अन्न खाल्ल्याने नेहमीच्या अन्नापेक्षा आरोग्याला जास्त धोका असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही, आणि त्याच अहवालाने तणांचा प्रश्न मोठा असल्याचंही सांगितलं. बियाणं कुणाच्या मालकीचं, शेतकऱ्याच्या हातात काय उरतं, हे प्रश्न तर त्याहून जड आहेत. ते प्रश्न खरे आहेत म्हणून त्या पिकाचा दाणा विषारी ठरत नाही.

खाल्लेलं जनुक कुठे जातं

आपण प्रत्येक घासाबरोबर डीएनए खातो. पालकाचा, माशाचा, गव्हाचा, आणि अन्नावरच्या असंख्य जीवाणूंचा. पोटात त्याचे तुकडे होतात. कोबी खाऊन कुणाला पानं फुटत नाहीत.

पण आतड्यात आपण एकटे नसतो. २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सरासरी माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास तेवढेच. आणि जीवाणू चिठ्ठ्या उचलण्यात पटाईत. २०१० मध्ये आढळलं की जपानी लोकांच्या आतड्यातल्या काही जीवाणूंकडे समुद्री शेवाळातली एक विशिष्ट साखर तोडणारं विकर आहे. त्याचं जनुक समुद्रातल्या जीवाणूंचं. शेवाळाबरोबर ते जीवाणू पोटात गेले आणि कधीतरी आतड्यातल्या जीवाणूंनी त्यांचं जनुक उचललं. म्हणजे अन्नातून जनुक आतड्यातल्या जीवाणूंपर्यंत पोचू शकतं. क्वचित, पण पोचतं.

याच कारणाने एका जुन्या सवयीवर टीका झाली आणि ती योग्य होती. जनुक नीट बसलं की नाही हे ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ त्याच्या जोडीला प्रतिजैविकाला न जुमानणारं जनुक खूण म्हणून लावत. १९९४ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या पहिल्या जनुक-बदललेल्या टोमॅटोतही अशी खूण होती. पिकातून ते जनुक जीवाणूत जाण्याची शक्यता अत्यंत कमी असली, तरी जी गोष्ट टाळता येते ती अन्नात ठेवावी कशाला? युरोपीय संघाने २००१ मध्ये अशा धोक्याच्या खुणा टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. आता खुणेविना काम करण्याच्या पद्धती आहेत.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जनुकांचा खरा व्यापार प्रयोगशाळेबाहेर चालला आहे. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे जीवाणू एकाच वेळी चार औषधांना दाद देईनासे झाले, आणि तो गुण त्यांनी प्लाझ्मिडवरून आतड्यातल्या ई. कोलायकडून घेतलेला असू शकतो हे तिथल्या संशोधकांनी दाखवलं. अर्धवट सोडलेली औषधं, सर्दीवर घेतलेली प्रतिजैविकं, जनावरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात मिसळलेली औषधं, या सगळ्यांनी त्या व्यापाराला खतपाणी घातलं. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. जनुक-बदललेल्या टोमॅटोवर जितकी शाई खर्च झाली त्याच्या निम्मी जरी यावर झाली असती तर बरं झालं असतं.

चिठ्ठ्यांची देवाणघेवाण आहे, तशी आठवणही आहे. विषाणूने हल्ला केला की काही जीवाणू त्याच्या डीएनएचा तुकडा कापून आपल्या डीएनएत जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी तो ताडून पाहून त्या विषाणूला नेमका कापतात. हीच क्रिस्पर यंत्रणा. ती खरोखर रोगप्रतिकाराचं काम करते हे २००७ मध्ये दही लावणाऱ्या जीवाणूंवर सिद्ध झालं, दुग्धउद्योगासाठी विरजण पुरवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांकडून. त्यांना विरजण नासवणाऱ्या विषाणूंचा बंदोबस्त हवा होता. २०१२ मध्ये इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांनी या यंत्रणेची हवी तिथे चालणारी कातर केली, २०२० मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि २०२३ मध्ये सिकलसेल आजारावर तिच्या आधाराने केलेल्या पहिल्या उपचाराला ब्रिटनने मान्यता दिली.

जिवंत औषध

तिसरी वाट सगळ्यात नवी आणि सगळ्यात नाजूक. इथे जीवाणू टाकीत मागे राहत नाही. तो आपल्या पोटात जाऊन काम करतो. त्यामुळे इन्सुलिनच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला इथे लागू होत नाही.

पहिल्या महायुद्धात आजूबाजूचे सैनिक जुलाबाने हैराण असताना एक सैनिक ठणठणीत राहिला. आल्फ्रेड निस्ले या जर्मन डॉक्टरांनी १९१७ मध्ये त्याच्या विष्ठेतून ई. कोलायची एक जात वेगळी केली. त्याच जातीत आता नवी जनुकं बसवून पाहिली जात आहेत. फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात आजारात शरीराला फिनाइलअॅलनिन हे अमिनो आम्ल मोडता येत नाही, ते साठून मेंदूला इजा करतं, म्हणून मुलांना जन्मापासून प्रथिनं मोजून द्यावी लागतात. ते अमिनो आम्ल आतड्यातच मोडणारा जीवाणू तयार झाला आणि सुरुवातीच्या चाचण्यांत त्याने आशाही दाखवली. पण शेवटच्या टप्प्यातली मोठी चाचणी २०२४ मध्ये थांबवावी लागली, कारण ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं जाणार नाही असं मधल्या आढाव्यात दिसलं.

दुसरा प्रयोग मला बांधणीमुळे आवडतो. चीज बनवताना वापरल्या जाणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जीवाणूला बेल्जियममधल्या संशोधकांनी आतड्याचा दाह शमवणारं माणसाचं एक प्रथिन बनवायला शिकवलं. ते जनुक त्यांनी जीवाणूच्या मुद्दाम निवडलेल्या एका जनुकाच्या जागी बसवलं. ते काढलेलं जनुक थायमिन हा डीएनएतला घटक तयार करण्यासाठी लागतं. त्यामुळे बाहेरून थायमिडीन, म्हणजे थायमिनचंच साखर जोडलेलं रूप, मिळालं नाही तर हा जीवाणू स्वतःचा डीएनए लिहू शकत नाही आणि मरतो. त्याने दुसऱ्या जीवाणूकडून हरवलेलं जनुक परत मिळवलं, तर त्याच जागी बसवलेलं माणसाचं जनुक निघून जातं. निसटायची वाटच त्याला पुन्हा साधा जीवाणू करते. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराच्या दहा रुग्णांवरच्या पहिल्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. रुग्णांनी तो जीवाणू आठवडाभर घेतला, आणि त्यांच्या विष्ठेच्या नमुन्यांतून तो थायमिडीन घातलेल्या माध्यमातच वाढवता आला. औषध म्हणून तो पुढे फार मोठा ठरला नाही. पण आज जिवंत जीवाणूचं औषध घेऊन कुणी परवानगी मागायला गेलं की त्याला आधी हेच विचारलं जातं: तो कशावाचून मरतो, आणि ते तुम्ही मोजून पाहिलंय का?